त्रयस्थ मैदान नेमकं कोणाचं?

दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा तक्ता जाहीर होतो आणि तासाभरात तोच जुना वाद पेटतो. स्पर्धेचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा अशी मानांकनं. चारही विभागांतल्या पहिल्या चार मानांकित संघांना, म्हणजे एकूण सोळा संघांना, पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या कॉलेजच्या कोर्टवर खेळायला मिळतात. पुरुषांच्या स्पर्धेत कुणालाही स्वतःच्या घरी खेळता येत नाही. त्यामुळे एक बाजू म्हणते की मुलींची स्पर्धा अजून दुय्यमच धरली जाते, नाहीतर एवढा उघड पक्षपात कुणी चालवून घेतला असता का? दुसरी बाजू विचारते, त्रयस्थ शहरातल्या रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळवलं म्हणजे मुलींचा सन्मान होतो का? दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण घरचं मैदान म्हणजे अन्याय आणि त्रयस्थ मैदान म्हणजे न्याय, हे दोघांनीही मनोमन मान्य केलेलं असतं. भांडण फक्त एवढ्यावर चालतं की हा अन्याय सध्या परवडतो की नाही.

मला हे गृहीतकच मान्य नाही. वर्षभर खेळून कमावलेलं, सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेलं घरचं मैदान न्याय्य आहे आणि ते टिकलं पाहिजे. खरा अन्याय आहे तो ‘त्रयस्थ’ अशी पाटी लावून नकाशाच्या कृपेने कुणाच्या तरी पदरात पडणाऱ्या घरच्या मैदानाचा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी कनेक्टिकटमध्ये राहते. 28 मार्च 2022 च्या रात्री मी ब्रिजपोर्टच्या सभागृहात होते. फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, कोण जाणार हे ठरवणारा सामना होता. नॉर्थ कॅरोलायना स्टेट पहिला मानांकित, यूकॉन म्हणजे आमचं कनेक्टिकट विद्यापीठ दुसरं. यूकॉनचं स्टॉर्झचं आवार तिथून गाडीने दीडेक तासावर. सभागृह खच्चून भरलेलं आणि जिकडे पाहावं तिकडे निळं-पांढरं. पाहुण्यांच्या बाकामागे लाल कपड्यांतली थोडी माणसं एकमेकांना धरून बसल्यासारखी बसली होती. नियमित वेळेत 61-61 अशी बरोबरी झाली. पहिल्या जादा वेळेच्या शेवटच्या क्षणाला नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या जकाया ब्राउन-टर्नरने कोपऱ्यातून तीन गुणांचा बास्केट टाकून 77-77 केलं, तेव्हा एवढ्या मोठ्या सभागृहात फक्त त्या लाल तुकड्याचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या जादा वेळेनंतर यूकॉन 91-87 ने जिंकलं. पेज बेकर्स त्या रात्री अफाट खेळली, 27 गुण तिचे एकटीचे. मी यूकॉनचीच पाठीराखी, घसा बसेपर्यंत ओरडले. पण परतताना गाडीत माझ्या लेकीने विचारलं, ती तेव्हा शाळेच्या संघात खेळायची: “आई, पण पहिला नंबर त्यांचा होता ना?” मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर असं आहे की तक्ता ठरवणारी समिती संघांना गुणवत्तेच्या क्रमाने घेते आणि प्रत्येकाला शक्य तितकं जवळचं केंद्र देते. त्या वर्षी सर्वांत वरचा क्रमांक साउथ कॅरोलायनाचा होता, त्यांना जवळचं ग्रीन्सबरो मिळालं. ग्रीन्सबरो आहे नॉर्थ कॅरोलायनात, राली शहरापासून, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या घरापासून, दीड तासावर. दुसऱ्या क्रमांकाच्या स्टॅनफर्डला स्पोकेन दिलं. तिसऱ्या क्रमांकाच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटला उरलेल्यांतलं जवळचं म्हणून ब्रिजपोर्ट मिळालं. मग दुसऱ्या मानांकितांना जागा देताना यूकॉनला सर्वांत जवळचं केंद्र दिलं, तेही ब्रिजपोर्टच. कुणी लबाडी केली नाही, प्रत्येक पायरी नियमाप्रमाणेच पडली. तरी शेवट असा झाला की वर्षभर सरस ठरलेला संघ पाहुणा झाला आणि त्याच्याहून खालचा संघ यजमान. 2019 मध्ये हेच घडलं होतं. लुइव्हिल पहिला मानांकित, यूकॉन दुसरा, सामना न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत. यूकॉनच्या चाहत्यांना तिथे जाणं म्हणजे दुपारी निघून रात्री घरी परतण्याजोगा प्रवास. यूकॉन 80-73 ने जिंकलं. कागदावर ही दोन्ही केंद्रं त्रयस्थ होती.

कमावलेलं घरचं मैदान काढून टाकलं की उरतं ते शुद्ध त्रयस्थ मैदान, अशी समजूत असणाऱ्यांनी 2009 चं उदाहरण आठवावं. वरच्या मानांकितांनी घरी खेळण्याची पद्धत 2015 पासूनची आहे. त्याआधी दहाएक वर्षं पहिल्या फेऱ्यांची केंद्रं आगाऊ ठरवलेली असत, मानांकन काहीही लागो. कारण अगदी आजच्यासारखंच दिलं जायचं: निःपक्षपातीपणा. पण केंद्र म्हणून पुढे येत ती कॉलेजंच आणि त्यांचेच संघ स्पर्धेतही असत. 2009 मध्ये पहिला मानांकित ड्यूक संघ दुसऱ्या फेरीत नवव्या मानांकित मिशिगन स्टेटशी खेळला, तोही ईस्ट लान्सिंगला, मिशिगन स्टेटच्या स्वतःच्या कोर्टवर. ड्यूक 49-63 ने हरलं. ड्यूकच्या प्रशिक्षक जोआन मॅकॅली पूर्वी त्याच मिशिगन स्टेटच्या प्रशिक्षक होत्या, त्यामुळे त्या रात्री तिथल्या आवाजाला काय धार असेल याची कल्पना करावी. नववा क्रमांक मिळवणाऱ्याला घर आणि पहिला क्रमांक मिळवणाऱ्याला पाहुणचार! आज चौथ्या मानांकिताला पाचव्याविरुद्ध घर मिळतं म्हणून चिडणाऱ्यांना हे जास्त न्याय्य वाटतं का?

पुरुषांकडेही हे होऊन गेलं आहे. 1986 मध्ये अकराव्या मानांकित एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेटने, पहिले दोन सामने बॅटन रूजला घरच्या प्रेक्षकांपुढे खेळले, त्यात पर्ड्यूला दोन जादा वेळांनंतर हरवलं आणि तिथून थेट फायनल फोर गाठलं. पुढच्या वर्षी सिरॅक्यूज स्वतःच्या कॅरियर डोममध्ये सुरुवातीचे सामने खेळलं. अशा गोष्टी होत गेल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीला पुरुषांच्या स्पर्धेत घरचं कोर्ट बंद झालं. पुरुषांनी टाकून दिलं ते हे बिनकमाईचं घरचं मैदान. महिलांची आजची पद्धत मुळातच वेगळी आहे, तेव्हा “पुरुषांनी जे सोडलं ते मुलींच्या गळ्यात का” हा सवालच चुकीच्या जागी रोखलेला आहे.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते. घरच्या कोर्टचा फायदा होतो, भरपूर होतो. ओळखीची रिंग, रात्रीची झोप स्वतःच्या खोलीत, फ्री थ्रोच्या वेळी मिळणारी शांतता आणि समोरचीने चेंडू हातात घेतला की उसळणारा गोंगाट. मी तक्ते काढून बसले आणि पहिल्या चार मानांकनांतल्या सोळांपैकी किती संघ अंतिम सोळात पोचले ते मोजलं. 2022 मध्ये 11, 2023 मध्ये 12, 2024 मध्ये 13, 2025 मध्ये पुन्हा 13. चार वर्षांत 64 पैकी 49 यजमान पुढे गेले. हा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा, दार आधीच बंद आहे.

पण तुलनेला एक वर्ष आपल्या हाताशी आहे. कोविडमुळे 2021 ची सगळी स्पर्धा टेक्ससमध्ये सॅन अँटोनियो आणि आसपास झाली, घर कुणालाच नव्हतं. त्या वर्षी पहिल्या चार मानांकनांतले अंतिम सोळात किती पोचले? दहा. एका वर्षावरून सिद्धांत मांडू नये, शिवाय तो हंगामच विस्कटलेला होता. तरी दहा आणि अकरा-तेरा यांतलं अंतर पाहा. वरचे संघ घर नसतानाही बहुतेक जिंकतात, कारण ते वरचे आहेत. घर त्यांना थोडा जास्तीचा हात देतं आणि तो हात बक्षीस म्हणूनच दिलेला आहे. नोव्हेंबरपासून प्रत्येक संघाला ठाऊक असतं की पहिल्या सोळात आलो तर मार्चमध्ये घरी खेळू. फेब्रुवारीत समिती त्या घडीचे सोळा संघ जाहीरही करते. डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारच्या सामन्याला त्यामुळे वजन येतं. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये प्लेऑफला वरच्या संघाला घरचं कोर्ट मिळतं, त्याला कुणी अन्याय म्हणत नाही.

आणि दार बंद नाहीच. 1998 मध्ये सोळाव्या मानांकित हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मेपल्स पॅव्हिलियनमध्ये 71-67 ने हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होत्या हे खरं, पण हार्वर्डच्या अ‍ॅलिसन फीस्टरचे 35 गुण काही त्या दुखापतींनी टाकले नव्हते. पुरुषांच्या त्रयस्थ मैदानांवर सोळाव्याने पहिल्याला हरवायला 2018 साल उजाडावं लागलं. 2022 मध्ये दहाव्या मानांकित साउथ डकोटाने वेकोला जाऊन बेलरला 61-47 असं धुतलं. त्याच वर्षी दहाव्या मानांकित क्रेटनने आयोवाला आयोवा सिटीत 64-62 ने बाहेर काढलं आणि निर्णायक तीन गुणांचा बास्केट टाकला लॉरेन जेन्सनने, जी आदल्या वर्षी आयोवाकडूनच खेळत होती. 2023 मध्ये तर स्टॅनफर्ड आणि इंडियाना हे दोन पहिले मानांकित आपापल्या घरी दुसऱ्याच फेरीत हरले.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ‘कमावलेलं’ हा शब्द मी वापरते खरा, पण कमावण्याची संधी सगळ्यांना सारखी आहे का? कॉलेजं हंगामभर ज्या गटांत आपसात खेळतात त्यांना परिषदा म्हणतात. मोठ्या परिषदांमधल्या श्रीमंत कॉलेजांना एकमेकांविरुद्धच इतके तगडे सामने मिळतात की मानांकन आपोआप चढतं. छोट्या परिषदेतला चांगला संघ त्यांना आपल्या गावी बोलावतो तेव्हा ते येत नाहीत, कारण हरलं तर नुकसान आणि जिंकलं तर फारसं पदरात पडत नाही. गॉन्झागासारखं छोट्या परिषदेतलं कॉलेज 2024 मध्ये चौथं मानांकन मिळवून यजमान झालं, पण असे अपवादच. त्यात 2025 पासून महिलांच्या स्पर्धेतही सामन्यांगणिक पैसे मिळू लागले, पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलरचा निधी, तो परिषदांमार्फत वाटला जाणारा. पुरुषांना असे पैसे कित्येक वर्षं मिळत आले आहेत. मुलींना ते मिळायला इतका उशीर झाला याची लाज वाटायला हवी, पण मिळाले म्हणून आनंदही आहे. तरी आता घरचं कोर्ट म्हणजे नुसता आवाज राहिला नाही, जिंकण्याची शक्यता वाढवून पैसाही आणणारी गोष्ट झाली आहे. श्रीमंत आणखी श्रीमंत होतील ही भीती खरी आहे. मात्र ही गाठ मानांकनाच्या पद्धतीत आणि हंगामाच्या वेळापत्रकात आहे, ती तिथेच सोडवावी लागेल. मोठ्यांनी छोट्यांच्या गावी जाऊन खेळलं तर त्याचं वजन वाढवा. सामने त्रयस्थ शहरात नेल्याने साउथ डकोटाचं मानांकन दहावरून चारवर कसं येणार?

चौथ्या आणि पाचव्या मानांकनातल्या दरीचं तेवढं वाईट वाटत नाही. 2025 मध्ये चारपैकी तीन चौथे मानांकित घरी पाचव्यांकडून हरले: बेलर, केंटकी आणि ओहायो स्टेट. म्हणजे दोघांत फरक नखाएवढा आणि बक्षीस डोंगराएवढं. पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते आणि ही रेघ निदान सगळ्यांना दिसते.

“आता तर मुलींचा खेळ मोठा झाला, मग त्रयस्थ मैदानं भरणार नाहीत का?” असंही विचारलं जातं. 2024 चा साउथ कॅरोलायना आणि आयोवाचा अंतिम सामना सरासरी 1 कोटी 89 लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्याहून जास्त. पण घरबसल्या बघणं वेगळं आणि शुक्रवारी दुपारी परगावी जाऊन दुसऱ्या आणि पंधराव्या मानांकिताचा सामना बघायला तिकीट काढणं वेगळं. आयोवाचं पंधरा हजारांचं कार्व्हर-हॉकाय भरायचं ते आयोवातल्या माणसांनी, आजी-नातींनी. आगाऊ ठरलेल्या केंद्रांवर प्रेक्षक रोडावत गेले, म्हणूनच 2013 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, व्हॅल अ‍ॅकरमन यांच्याकडून अहवाल करून घेतला आणि सुरुवातीच्या फेऱ्या वरच्या मानांकितांच्या घरी परत न्याव्यात असं त्यांनी सुचवलं. आपल्याकडे रणजी करंडकात 2016-17 चा हंगाम असाच त्रयस्थ मैदानांवर खेळवला गेला. घरच्या संघाने सोयीची खेळपट्टी करून घेऊ नये हा हेतू चांगलाच होता. त्या हंगामात वानखेडेवर महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध 594 धावांची अभेद्य भागीदारी केली. ही खेळी पुण्यात झाली असती तर? पुढच्याच हंगामात मंडळाने तो प्रयोग गुंडाळला.

समतेचा मुद्दा मी हलका मानत नाही. 2021 मध्ये सॅन अँटोनियोत मुलींच्या वाट्याला आलेला तो डंबेलचा एकुलता एक रॅक सेडोना प्रिन्स या खेळाडूच्या व्हिडिओमुळे सगळ्या जगाने पाहिला. पुरुषांना अख्खं व्यायामगृह आणि मुलींना एक रॅक, याला विषमता म्हणतात. भरलेल्या घरच्या सभागृहात खेळणं त्या जातीचं नाही. पुरुषांसारखंच सगळं असलं म्हणजेच समता, हा हट्ट धरला तर मुलींच्या खेळाला स्वतःचं काही उभं करायला वाव कुठे उरतो?

मात्र घर मिळालं की घरधन्याची जबाबदारीही येते, आणि इथे मला आजची पद्धत खरोखर कच्ची वाटते. माझ्या आजोळी सातारा जिल्ह्यात जत्रेला कुस्त्यांचा फड भरायचा. आम्हा मुलींना फडापाशी जाऊ देत नसत, मामाच्या माळवदावरून आम्ही बघायचो. हलगी गावच्या मल्लासाठीच घुमायची, ओरडा त्याच्याच नावाने व्हायचा आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. पण पाहुण्या मल्लाचा मुक्काम, त्याचं दूध, त्याचा खुराक हे गावाचं काम. त्याला रात्री झोपायला धड जागा मिळाली नाही तर यात्रा कमिटीच्या तोंडाला काळं लागायचं. 2024 मध्ये गॉन्झागा यजमान असताना स्पोकेनमध्ये त्याच आठवड्यात पुरुषांच्या स्पर्धेचेही सामने होते. हॉटेलं भरली, म्हणून युटाच्या संघाला शेजारच्या आयडाहो राज्यातल्या कोअर ड’अलेन गावी उतरवलं, पन्नासेक किलोमीटर दूर. तिथे जेवायला चालत जाताना ट्रकमधून लोकांनी त्या मुलींना वंशद्वेषी शिव्या दिल्या आणि जेवून परतताना पुन्हा तेच झालं. संघाला मुक्काम हलवावा लागला. मग पहिल्या फेरीनंतर, त्या मनःस्थितीत, त्या गॉन्झागाविरुद्ध गॉन्झागाच्या घरी खेळल्या आणि हरल्या. त्या पराभवात कोर्टचा वाटा किती आणि त्या संध्याकाळचा किती, हे कोण मोजणार? ज्या गावात सगळ्या पाहुण्या संघांना गावातच उतरवायला खोल्या नाहीत, त्या गावाला त्या वर्षी यजमानपद मिळता कामा नये, मानांकन कितीही वरचं असो.

पुढच्या फेऱ्यांसाठी माझं मागणं साधं आहे. पुरुषांच्या नियमांत वरच्या मानांकितांना पहिल्या फेरीत प्रेक्षकांमुळे तोटा होऊ नये अशी काळजी घेतलेली आहे. महिलांच्या विभागीय फेऱ्यांत, म्हणजे अंतिम सोळापासून फायनल फोरपर्यंतच्या सामन्यांत, तेच तत्त्व पहिल्या आणि दुसऱ्या मानांकितांना लावा: जिथे दुसऱ्याचं घर पहिल्याच्या घराहून जवळ आहे, तिथे दोघांना एकत्र घालू नका. 2023 पासून चारऐवजी दोनच शहरांत विभागीय फेऱ्या होतात, त्यामुळे असा तक्ता बसवणं अवघड झालं हे कबूल. ज्या यूकॉनला ब्रिजपोर्ट मिळालं होतं, त्याच यूकॉनला पुढची तीन वर्षं सिअ‍ॅटल, पोर्टलंड आणि स्पोकेन अशी देशाच्या दुसऱ्या टोकाची वाट धरावी लागली. आमच्याकडच्या पाठीराख्यांना हा अन्याय वाटला. मला वाटला नाही, कारण तिथे त्यांच्यापेक्षा खालचा कुणी घरी बसलेला नव्हता. 2025 मध्ये तर स्पोकेनहून पुढे जाऊन त्यांनी विजेतेपदही मिळवलं.

आणि त्रयस्थ कोर्ट म्हणजे निर्दोष कोर्ट असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पोर्टलंडची गोष्ट. 2024 मध्ये मोडा सेंटरमध्ये या स्पर्धेसाठी खास कोर्ट अंथरलं होतं. शुक्रवार-शनिवारचे चार सामने त्यावर खेळून झाले. रविवारी नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि टेक्सस यांचा सामना सुरू व्हायच्या जरा आधी लक्षात आलं की दोन बाजूंच्या तीन गुणांच्या रेषा सारख्या नाहीत, एका बाजूची रेष रिंगच्या जास्त जवळ आखली आहे. टेप आणून मोजमाप झालं. दुरुस्त करायचं तर सामना लांबणार होता, म्हणून दोन्ही प्रशिक्षकांनी आहे तसंच खेळायचं ठरवलं. तोवर चार सामन्यांत आठ संघांच्या मुली त्या रेषेमागून चेंडू टाकून गेल्या होत्या. त्या कोर्टवर रोज सराव करणारं, पायाखालचं अंतर डोळे मिटून सांगू शकेल असं तिथे कुणीच नव्हतं.